टीपकाकूंचा पिवळा फ्रॉक

हे कृपावंता, जीव जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी दूध तयार ठेवणाऱ्या माउली, तुझ्या चरणी माथा टेकवतो आणि तुझ्याच वळणाचे हात लाभलेल्या एका बाईंची कथा सांगतो. सगळी गल्ली त्यांना टीपकाकू म्हणते.

जिन्याखालच्या खोलीत त्यांचे शिलाई मशीन. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या, आणि टीप अशी की दोरीने आखावी. काका म्हणत, हिची टीप तेवढी सरळ, बोलणे एकही सरळ नाही.

या दोघांचा एकुलता मुलगा समुद्रापार स्थायिक झाला. त्याच्या लेकीला मराठी येत नाही. रविवारी फोनच्या पडद्यावर ती दिसे, पण आजी आणि नात यांच्यामध्ये मुलगा चाळणीसारखा उभा. काकूंनी दहा गोष्टी सांगाव्यात, पलीकडे दोन पोहोचाव्यात. आजीने फ्रॉक पाठवलाय, एवढेच तो सांगे. आजीने तो तुझ्यासाठी बसून शिवला, हे वाटेतच गळून जाई. ते एकदा आपल्या तोंडाने सांगावे, या एका ध्यासापायी काकूंनी उतारवयात वाचनालयातला संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग धरला.

"आता मशीन इंग्रजीतून चालवणार वाटतं?" काका म्हणाले.

"तुमच्याशी मराठीत बोलून दमले. म्हटलं, दुसरी भाषा करून बघू."

एके दिवशी वर्गातल्या बाईंनी फळ्यावर लिहिले, 'आय मेड यू टी'. कुणासाठी काही केले तर असे म्हणायचे: आधी काम, त्याला लागून माणूस, वस्तू शेवटी. काकूंना ते पटेना. यात 'साठी' कुठे आहे? तिच्यासाठी केले हे तिला कळणार कसे?

तरुण बाई हसल्या. "काकू, माणूस कामाला चिकटून बसलंय की. आणखी जवळ कुठे बसवू?"

काकू घरी येऊन थेट मशीनवर बसल्या. मग पायडलच्या तालावर जप सुरू झाला: आय स्टिच्ड यू अ फ्रॉक. मशीनवर पिवळे कापड होते. गिऱ्हाईक दारात आले की आधी टेप काढणाऱ्या काकूंनी या कापडाला मात्र टेप लावलीच नव्हती. मागच्या भेटीत मशीनचा पाय धरून उभी राहिलेली नात डोळ्यांत होती. त्याच उंचीवर कात्री चालली. पोर वाढली असेल, असे काकांनी सुचवले. ठाऊक आहे, म्हणाल्या. कात्री मात्र जुन्याच रेघेवरून गेली.

पार्सल पोहोचल्यावरच्या रविवारी नात पडद्यावर आली. फ्रॉक डोक्यातून उतरून खांद्यांवर अडकला होता. "छान झालाय हं, आई," मुलगा सावरून घेऊ लागला.

"तू जरा बाजूला हो," काकू म्हणाल्या, आणि पदराने ओठ टिपून त्यांनी सावकाश सांगितले, "आय स्टिच्ड यू अ फ्रॉक."

पोर थबकली. अडकलेल्या कापडाकडे, मग आजीच्या हातांकडे बघत राहिली. "यू मेड मी धिस?" आणि क्षणभराने, "आजी, मेक मी अ बिगर वन."

मुलगा अर्थ सांगायला पुढे झाला. काकूंनी हात वर करून त्याला थांबवले. आजवर त्या देत आल्या होत्या. आज कुणी मागितले होते.

"टेप आण," त्या मुलाला म्हणाल्या. "खांद्यापासून सुरू कर."

तो माप सांगत गेला, काका कापायच्या फळीवर खडूने मांडत गेले. प्रत्येक आकड्यासरशी मशीनचा पाय धरून उभी असलेली ती चिमुरडी काकूंच्या हातातून थोडी थोडी सुटत होती. डोळे भरले, तरी त्यांनी एकही माप चुकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी नव्या कापडाला कात्री लावली, तेव्हा शिवणीत भरपूर माया सोडली. पुढे उसवून वाढवता यावे म्हणून.

दयाघना, या माउलीची नजर सुईच्या नाकाएवढी बारीक राहू दे, काकांची थट्टा तिच्या कानी रोज पडू दे. समुद्राअलीकडचे आणि पलीकडचे घर तुझ्या एकाच छायेखाली नांदू दे. आणि ती नात पुन्हा एकदा या जिन्याखाली येऊन उभी राहू दे, म्हणजे तिचे माप आजीला स्वतःच्या हातांनी घेता येईल.