भिवाजीची एका माणसाची गाडी

भिवाजी कंधारेनं ती गाडी बायकोसाठी केली, असं आता जो तो सांगत सुटतो. साफ खोटं. गाडी त्यानं मेव्हण्याच्या नाकावर टिच्चून त्याच्या गावात, रिह्यात, शिरायला केली होती. बायको शेजारच्या सीटवर नुसती बसून राहायची होती, एवढंच तिचं काम. मी हे छातीठोक सांगतो, कारण आमच्या माले गावात त्याची टपरी आणि माझं चहाचं हॉटेल यांच्यामध्ये एकच कूड होता. त्याचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. नको असलं तरी यायचं.

भिवाजी सहा फूट उंच, नुसती हाडं. बापाची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, म्हणून लढाईच्या दिवसांत खडकीला मिलिटरीच्या वर्कशॉपात लागला आणि फिटर होऊन परत आला. पंप, ट्रक, गिरणीचं इंजिन, जे बंद पडेल ते उघडायचा. चालू असेल तेही उघडायचा, ही त्याची खोड. माझा रॉकेलचा स्टोव्ह त्यानं तीनदा सुधारला आणि तिसऱ्या वेळेला माझी एक भुवई गेली. वर म्हणतो कसा, "आता ज्योत मोठी येतीया का न्हाई?"

त्याची बायको रंभाबाई रिह्याची. तिचा धाकटा भाऊ हैबतराव म्हणजे नजर जाईल तिथवर भाताची खाचरं आणि त्याहून लांब मिशा. चैतात भैरवनाथाच्या यात्रेला सगळ्या पाहुण्यांची पंगत त्याच्या दारात बसायची. पहिल्या पंगतीला जमीनवाले, दुसरीला उरलेसुरले. भिवाजी घरचा थोरला जावई, पण बिनजमिनीचा, म्हणून दुसरीत. एका वर्षी तो न सांगता पहिल्या पंगतीत जाऊन बसला. हैबतराव सगळ्यांदेखत वाढप्याला म्हणाला, "फिटरचं पान उचल. मागनं बसंल त्यो."

वाढलेलं पान उचललं. माणसानं माणसाला असं करू नये, पण केलं. भिवाजी उठला तो तडक बायकोला घेऊन घरी आला. "आता त्या दारात जाईन तर माझ्या सोताच्या मोटारीत बसून. तवर तूबी जायचं न्हाईस," असं तिला बजावून मोकळा झाला. हा गडी मोटार आणणार कुठून? तीन यात्रा गेल्या. रंभाबाईची आई धोंडाबाई तिकडे अंथरुणाला टेकायला आली आणि लेकीला तिचं तोंड दिसेना. मला भिवाजीचा खरा राग येतो तो इथं. अपमान त्याचा झाला आणि शिक्षा भोगली तिनं.

मग सत्तावन्न साली देवानं मोटार पाठवली. पुण्याच्या कुणा बॅरिस्टरचे चिरंजीव लाल रंगाच्या, बिनटपाच्या विलायती गाडीतून धरण बघायला आले. बोनेट लांबलचक आणि बसायला जागा जेमतेम दोघांना. मी म्हटलं, यांनी बोनेटातच बसायला हवं होतं. आतलं पाणी आटलं तरी चिरंजीवांनी गाडी तशीच हाणली आणि माझ्या हॉटेलासमोर इंजिनाचा गोळा झाला. चिरंजीवांनी माझ्या चहाला नावं ठेवली, गाडीला लाथ घातली, "ठेव तुलाच" असं भिवाजीला कागदावर लिहून दिलं आणि एका ट्रकात बसून गेले.

जुनं इंजिन फक्त उलथं टाकून वर कपडे धुवायच्या लायकीचं राहिलं होतं. भिवाजीनं ठरवलं, पुण्याच्या जुन्या बाजारातून मिलिटरीच्या जीपचं इंजिन आणायचं. स्वतः गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो पडला तापानं आणि आमच्या गावचा बिरू धनगर पुण्याला निघाला होता लोकर विकायला. बिरूला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून भिवाजीनं मोठा शहाणपणा केला. इंजिनाची जागा आपल्या हातानं मोजली आणि त्याला सांगितलं, "तीन वीत. त्याच्यावर बोटभरबी नगं."

बिरूचा हात कुणी बघितला नव्हता काय? रोज बघत होतो. एका पंजात अख्खं कोकरू उचलायचा तो. पण आपल्याकडे वीत म्हणजे वीत. ती कुणाची, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येतं?

बिरू ट्रकातून इंजिन घेऊन आला. सोबत गिअरबॉक्सही जोडलेला. "तीन वीत बरोब्बर. म्या दोनदा मोजलं," असं म्हणून त्यानं तिसऱ्यांदा मोजून दाखवलं. खरंच तीन. मग भिवाजीनं आपला हात लावला. साडेतीन भरलं. भिवाजी ज्या शिव्या खडकीला शिकून आला होता, त्यातल्या काही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या.

आता इंजिन कापता येत नाही, म्हणून गाडी कापायची. बोनेटाखालचं खोकं आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत असते. ती भिवाजीनं छिन्नीनं फोडली. महिनाभर माझ्या कपबश्या फळीवर नाचत होत्या. उजवीकडे ष्टेरिंगचा दांडा आडवा येई, म्हणून इंजिन डावीकडे आणि मागे, डावीकडे आणि मागे, असं सरकत गेलं. खाली आधाराला मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून बसवली. पंख्याची पाती कातरली. इंजिन बसलं तेव्हा गिअरबॉक्स थेट डाव्या सीटवर येऊन बसला होता, पाहुण्यासारखा. दोन माणसांची गाडी एका माणसाची झाली.

तेवढ्यावर भागलं नाही. फोडाफोडीत पायाखालचे ब्रेक-क्लच वीतभर मागे आले आणि सीट मागे सरकवावी तर तिथं पेट्रोलची टाकी. भिवाजी आत बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले आणि ष्टेरिंग पोटात रुतलं. बिरू तर आत शिरूच शकला नाही. त्या गाडीत मावेल असं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे चार फूट दहा इंचांची रंभाबाई.

आणि तिला गाडी चालवता येत होती. ढकलून चालू करताना आत हलकं माणूस हवं, म्हणून महिनाभर तीच ष्टेरिंगवर बसायची. आम्ही ढकलायचो, इंजिन धरलं की ती माळावर दोन फेऱ्या मारूनच थांबायची. आम्ही धापा टाकत उभे.

यात्रेच्या आदल्या दिवशी भिवाजी टपरीत डोकं धरून बसला होता. "समदं तोडून नव्यानं करतो. फुडच्या वर्साला जाऊ," म्हणाला.

"आई फुडच्या वर्सापत्तूर थांबायची न्हाई," रंभाबाई म्हणाली. "मी जाते."

"एकटी?"

"तुमी गाडी एकाचीच केलीया. त्याला मी काय करू?"

भिवाजीला फार लागलं. वर्षभर मर मर मरून केलेली गाडी आणि मान मिळायच्या दिवशी हा पायी. मलाही त्याच्यासाठी वाईट वाटलं, हे कबूल करतो.

सकाळी तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि पौडावरून, मोटारीच्या लांबच्या रस्त्यानं, गेली. आम्ही तिघे खिंडीच्या पायवाटेनं निघालो. भिवाजी आपली शपथ गिळून बायकोच्या आणि गाडीच्या काळजीनं, बिरू अपराधी वाटून आणि मी मटणासाठी. पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. वाटलं, उष्ट्या पत्रावळी बघायला मिळणार.

बघतो तर पहिली पंगत बसलेली आणि पत्रावळी कोऱ्या करकरीत. शे-दीडशे माणसं, सगळी जमीनवाली, एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. स्वयंपाक होता घराच्या मागच्या परड्यात. तिथून अंगणात यायला घर आणि गोठा यांच्यामधला एकच उतरता बोळ. त्या बोळाच्या तोंडात बुचासारखी ती लाल गाडी, दारापर्यंत अंगणात निघालेली, आणि आत रंभाबाई. मटणाचा हंडा गाडीपलीकडे अडकलेला. आठ जणांनी ढकलून बघितलं होतं, गाडी तसूभर हलली नाही. शेजारी पाटी उलटी घालून धोंडाबाई बसली होती, लेकीचा दंड धरून. अंथरुणाला टेकलेली बाई ही.

हैबतराव भिवाजीकडे आला. मिशा उतरलेल्या. "सकाळधरनं अशीच बसलीया," म्हणाला. "थोरला जावई पयल्या पंगतीत बसल्याबिगर गाडी काढायची न्हाई म्हनती. आईला म्हनलं सांग, तर आई म्हनती बस तशीच. तुमचं पान मांडलंय. चला, बसा."

पंगतीच्या टोकाला खरोखर पान मांडलेलं होतं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला ते पान. भिवाजीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बोळाच्या उताराकडे बघत होता. मग धावत सुटला. माझ्या उशिरा ध्यानात आलं. त्या गाडीला हातब्रेक नव्हता. गिअरबॉक्स बसवताना त्यानंच तो काढून टाकला होता. रंभाबाई सकाळपासून नुसत्या पायावर गाडी धरून बसली होती.

"दगूड लावा चाकाला," भिवाजी म्हणाला.

पहिल्यांदा हैबतराव वाकला. त्यानं गोठ्यापाशी पडलेला दगड उचलून आणला आणि गुडघे टेकून चाकाखाली सारला. भिवाजीनं दार उघडलं. रंभाबाईला पाय उचलता येईना, तो लाकूड झाला होता. भिवाजी तिथंच धुळीत बसला, सगळ्या रिह्यादेखत बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळू लागला. ती म्हणाली, "उठा, लोक बघत्यात." तो उठला नाही. पंगत तशीच थांबली.