मेण कशाचं?

शांतिनाथ चौगुले एकतीस वर्षं राजारामपुरीतल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. चिठ्ठी नसलेली बाटली ते हातात घेत नसत. कपाटातल्या दोनेकशे बाटल्यांवर त्यांच्याच वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, आणि कुठल्या बाटलीत काय आहे याची त्यांना सबंध नोकरीत एकदाही शंका आली नाही. अडले ते निवृत्तीनंतर, आणि तेही मोटारीच्या मेणापाशी.

मोटार लेकीची, आदितीची. पुण्यात तिनं घर बदललं, तिथं गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून तिनं आपली गडद निळी गाडी आईबाबांकडं आणून सोडली. शांतिनाथ साठी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकले. गाडीला ते लेकीइतकंच जपत. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीची काजळी वाऱ्यावर उडत येते आणि सकाळी गाडीवर काळी भुरभुर दिसते. ती ते रोज कोरड्या फडक्यानं झटझट पुसून काढत. पंधरा दिवसांनी उन्हात बघतात तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे.

खालच्या मजल्यावर हंबीरराव राहायचे. त्यांचा टेम्पोंचा धंदा, त्यामुळं गाडीतलं त्यांना कळतं असा सगळ्यांचा समज होता. त्यांनी बॉनेटवर वाकून बघितलं आणि म्हणाले, "चौगुले, काजळी कोरडी पुसायची नसती. पाण्यानं सोडवायची असती. आता मेण लावून घ्या, न्हाईतर रंग फिका पडतोय बघा."

दुकानदारानं काउंटरवर चार वस्तू मांडल्या. एक घट्ट मेणाची चपटी डबी, एक पातळ मेणाची बाटली, एक फवारा आणि एक पॉलिश. पॉलिश वरचा रंग किंचित घासून ओरखडे कमी करतं आणि मेण त्यावर थर चढवतं, असं त्यानं समजावून सांगितलं. मग दोन्ही लागतात का, असं शांतिनाथांनी विचारलं. तो म्हणाला, लागतात पण आणि न्हाईत पण, गाडीवर हाय. या उत्तराचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी डबी जड होती आणि तिच्यावर 'नैसर्गिक मेण' असं मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, म्हणून त्यांनी डबी घेतली.

घरी त्यांची थोरली बहीण आक्का आली होती. शिरोळहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आलेली, आणि डोळ्यात थेंब घालण्यासाठी आठ दिवस इथंच राहिलेली. घर जैन, त्यात आक्का धर्माला कडक. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, कांदाबटाटा नाही, मधाचं तर नावच नाही. डबी हातात घेऊन तिनं हुंगली आणि विचारलं, "मेण कशाचं हाय?"

"गाडीचं."

"गाडीला लावायचं ते कळलं की. निघालंय कशातनं? पोळं पिळल्याबिगर मेण येतंय व्हय?"

जन्मात मधाचं बोट चाखलं नव्हतं शांतिनाथांनी, आणि हे मात्र मनातही आलं नव्हतं. भिंग घेऊन त्यांनी डबीमागचं सगळं वाचलं. 'नैसर्गिक मेणांचं मिश्रण', एवढंच. कुठल्या मेणांचं, किती, काही नाही. अशी चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली असती तर हेडमास्तरांनी पगार कापला असता.

त्यांनी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं हिंदीत सांगितलं, की यात ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग मधमाशीचं नाही ना, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, बाकीचं मिश्रण कंपनी सांगत नाही.

म्हणजे आहे का नाही? त्रिशला, त्यांची बायको, म्हणाली की संशय आहे तर वापरू नका, हंबीररावांना देऊन टाका. ते शांतिनाथांना पटलं. पण आक्कानं मान हलवली.

"आपण करणं, दुसऱ्याकडनं करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्ही सारखंच हाय, शांतू."

आता डबी वापरता येईना, देता येईना आणि फेकायची तर फेकून तरी काय साधणार होतं? माशा गेल्या असतील तर त्या आधीच गेल्या होत्या. दोन दिवस डबी टीव्हीशेजारी पडून राहिली, आणि जेवताना शांतिनाथांची नजर तिच्यावर जाई. अखेर त्रिशलानं ती उचलून माळ्यावर टाकली.

शांतिनाथ पुन्हा दुकानात गेले. यावेळी दुकानदारानं पांढरी बाटली दिली. ह्यात झाड न्हाई, माशी न्हाई, सगळं कारखान्यातलं केमिकल, असं तो म्हणाला. तरी बाटलीवर 'वॅक्स'च लिहिलं होतं. मेण नसून मेण का लिहिलंय, तर म्हणे लोक त्याच नावानं मागतात.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी धुतली, कोरडी केली आणि लिंबाच्या सावलीत लावली. आदल्या दिवशी त्यांनी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले होते. एकजण गोल फिरवा म्हणत होता, दुसरा सरळ रेघेत. एक म्हणे लगेच पुसा, तर एक म्हणे धुरकट होईपर्यंत थांबा. शांतिनाथांनी अर्धं गोल, अर्धं सरळ लावलं, कमी पडायला नको म्हणून जाडच लावलं, आणि सगळी गाडी माखून झाल्यावर चहा प्यायला वर गेले. तेवढ्यात सावली सरकली.

खाली येऊन बघतात तर निळी गाडी पांढरी. फडकं फिरवलं तर निघेना, जोर लावला तर ठिगळं पडली. आता आदितीला काय सांगायचं? हंबीरराव म्हणाले रॉकेलनं पुसा, वॉचमन म्हणाला गरम पाण्यानं. आक्का गॅलरीतून वाकून बघत होती.

ते गाडीला टेकून बसले. प्रयोगशाळेत काचेच्या तोट्यांना लावलेलं ग्रीस वाळून घट्ट बसे, ते त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. तेव्हा ते काय करत? वर ताजं ग्रीस चोळत. जुनं त्यातच विरघळून सुटे. त्यांनी गाडी परत सावलीत ढकलून घेतली, दाराच्या कोपऱ्यात बोटभर ताजं मेण लावलं आणि लगेच पुसलं. आतून निळा रंग वर आला. मग एक दार, मग दुसरं, असं करत दुपारपर्यंत गाडी मोकळी झाली. मदतीला त्रिशला होती, आणि शेवटी बॉनेट पुसायला आक्काही खाली उतरली. डोळ्याला ऊन लागू नये म्हणून काळा चष्मा घालून.

बुधवारी ते आक्काला शिरोळला सोडायला निघाले. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं तासभर अडकले, आणि पोचेपर्यंत गाडीवर धुळीचा थर बसला. आक्कानं उतरताना दारावरून बोट फिरवलं, तशी धुळीतून निळी रेघ उमटली.

"चांगली चमकतीया की."

शांतिनाथांनी वाकून दाराकडं बघितलं. चमक त्या मेणाची, का नुसतं धुतल्याची, का आक्काच्या नव्या डोळ्याची, हे त्यांना काही ठरवता आलं नाही. ते हसले, आणि पिशव्या घेऊन तिच्यामागून आत गेले.