न लिहिलेली चिठ्ठी

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत दीड महिन्यात काविळीनं तीन माणसं गेली. वस्ती म्हणजे काय, प्रार्थनाघराच्या भोवती विणकरांची अकरा ख्रिस्ती घरं. आमच्या आज्यांच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातले देव गेले, हातमाग तेवढे राहिले. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार उपदेशक चालवायचे. ते आमच्यातलेच, आधी लुगडी विणणारे. शास्त्र त्यांना पाठ होतं, आणि पाठ असलेल्या माणसाला शंका कमी येतात.

तिसरी माती झाल्यानंतरच्या रविवारी त्यांनी जुन्या करारातली एक गोष्ट काढली. यरीहो पडलं, पण पुढच्या लढाईत देवाची माणसं मार खाऊन परतली. का, तर एकानं लुटीतला झगा नि सोनंचांदी आपल्या तंबूखाली पुरून ठेवली होती. मग देवानं चिठ्ठ्यांतून आधी वंश निवडला, मग कुळ, मग घराणं, मग तो माणूस. त्याला पोराबाळांसकट दगडांनी मारलं, तेव्हा कुठे कोप शमला. गोष्ट सांगून उपदेशकांनी पुस्तक मिटलं. पंखा नव्हता, बायकांचे पदर हलत होते तेही थांबले. मग ते म्हणाले, आपल्याही छावणीत कोणीतरी काहीतरी पुरलं आहे. पुढच्या रविवारी घरांच्या चिठ्ठ्या टाकू, देव दाखवील ते घर दुसऱ्या दिवशी खणू.

मी तेव्हा बावीस वर्षांची, धरमपेठेतल्या एका शाळेत मास्तरीण. वस्तीत शिकलेली मीच, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर उपदेशकांचं बोलणं मला अडाणीपणाचं वाटलं होतं. तरी ते मला हसण्यावारी नेता येईना. कारण पुरलेली वस्तू कुठे आहे ते मला ठाऊक होतं. ती आमच्या घरात होती.

विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. आमच्या त्या खड्ड्याच्या भिंतीत, एका विटेमागं, आजीचा चांदीचा टाक होता, बोटभर, देवीचा. तिनं बाप्तिस्मा घेतला, पण सासूनं दिलेला टाक वितळवायला हात धजला नाही. ती गेल्यावर बाबांचाही धजला नाही. नाताळची साफसफाई करताना मला तो सापडला होता. बाबा म्हणाले, ‘‘राहू दे. तो कोणाले काही मागून राहिला का?’’

शनिवारी दुपारी दार लावून मी अकरा चिठ्ठ्या फाडल्या. दहा घरं लिहून झाली. अकरावी आमची. पेन टेकवलं नि उचललं. सोमवारी लोक आमचा खड्डा खणतील, बाबा सगळ्यांसमोर उभे राहतील, आणि तीन घरची माणसं त्यांच्याकडे बघतील, एवढंच डोळ्यांसमोर आलं. कोरी ठेवली असती तर पकडले गेले असते. मग ती चिठ्ठी दुसऱ्या कोणाच्या नावानं लिहिली. कोणाच्या, याचा मी विचार केला नाही, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. भांडायला येणार नाही असं एकच घर होतं: टोकाच्या विधवा मावशीचं. ती आणि तिची पंधरा वर्षांची लेक. तिचं नाव मी दोनदा लिहिलं.

रविवारी उपदेशकांनी दानाच्या मखमली पिशवीत चिठ्ठ्या घातल्या, बराच वेळ प्रार्थना केली, डोळे मिटून हात घातला. मावशीचं नाव वाचताना त्यांचा आवाज कापला. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

मावशीचा खड्डा खणला. काही निघालं नाही. मला वाटलं, संपलं. पण काही न निघणं हे जास्तच वाईट ठरलं; लोक म्हणू लागले, हिनं ते मनात पुरलंय. आणि मावशीनं कोणाला उलट उत्तर दिलं नाही. आठ दिवस ती आपलं सगळं आयुष्य उलटंपालटं करून शोधत बसली. पुढच्या रविवारी उभी राहिली आणि म्हणाली, नवरा आजारी होता तेव्हा गावच्या देवीला नारळ फोडला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. बायका हुंदके देऊ लागल्या. आमचे बाबा खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्या शेजारी, गीतांचं पुस्तक उघडं धरून.

तिला वाळीत टाका असं कोणी म्हणालं नाही. फक्त तिच्या ओट्यावर कोणी बसेना, नळावर ती आली की बाया बाजूला होत. आणि त्याच पंधरवड्यात तिच्या लेकीचे डोळे पिवळे झाले.

मी गेले होते. पोर बाजेवर पडली होती, पोटाशी पाय घेऊन. मी म्हटलं, मावशी, मोठ्या दवाखान्यात नेऊ, रिक्षा मी आणते. ती म्हणाली, आधी तीन दिवसांचा उपास पुरा करते, उपदेशकांनी सांगितलं आहे. पाप धुतल्याशिवाय औषध लागायचं नाही. त्या क्षणी मी बोलले असते तर रिक्षा आली असती. जिभेवर आलं होतं. बाबांचा चेहरा आठवला आणि मी ते गिळलं. उद्या सांगू, म्हटलं. चौथ्या दिवशी पोरीला दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी परत आणलं.

त्यानंतर आठवड्याभरात नळ दुरुस्त करणारी माणसं आली. गटाराला लागून पाइप फुटला होता, तो त्यांनी बदलला. वस्तीत पुन्हा कोणाला कावीळ झाली नाही. पाइपचं कोणी मनावर घेतलं नाही. पोर गेली आणि आजार थांबला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. शास्त्रात लिहिलं तस्संच झालं, असं लोक हळू आवाजात बोलायचे, आणि मुलांना दटावताना मावशीच्या घराकडे बोट करायचे. मुलं शहाणी झाली, खोटं कमी बोलू लागली. पुढे एकदा पाळकसाहेबांनी वस्तीच्या नीतीची तारीफ केली तेव्हा मी उठून बाहेर आले.

बाबा गेल्यावर टाक मी पेटीत ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी मावशीकडे गेले. मध्ये नऊ वर्षं गेली होती. आता गमावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, हेच माझं धैर्य. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं: टाक, खड्डा, तिचं दोनदा लिहिलेलं नाव. ती मला मारेल, शिव्या देईल, अशी मी वाट बघत होते. खरं तर तेच मागायला गेले होते.

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

‘‘माह्या पायी खोटं काहून बोलून राहिली वं पोरी?’’

मी शपथ घेतली. खरंच दोनदा लिहिलं, म्हटलं.

‘‘लिवलं असशील,’’ ती म्हणाली. ‘‘देवानंच लिववलं असन मंग. पाप तर माहंच होतं ना.’’

मी तिचे हात धरून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. ती मान हलवत ऐकत होती, घाबरलेल्या मुलाची समजूत घालावी तशी. मग म्हणाली, बाप गेला तुझा, डोकं ठिकाणावर नाही, चहा घेऊन जा. आणि उठून तिनं स्टोव्ह पेटवला.