जुनं पित्त

बारामतीत कॉलेजला आले आणि माझी झोपच उडाली. जेवण जाईना, वर्गात उगाच धडधडायचं. आईला मी 'पित्त झालंय' एवढंच सांगितलं होतं. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. पण आमच्या गावचं, नरसिंहपूरचं कुणी बघेल म्हणून स्कार्फ बांधून बसले ती शेजारच्या, पोटाच्या डॉक्टरांच्या दारासमोर.

त्याच बाकावर एक बाई येऊन टेकल्या. भाजी विकून थेट आल्या असाव्यात. साडीला मेथीचा वास होता. चपला काढून त्यांनी पाय वर घेतले, पदराची गाठ सोडून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं आणि दवाखान्यात सगळेच विचारतात तसं विचारलं, "काय हुतंय गं, बाळा?"

"पित्त."

"मलाबी लई वर्सं पित्तच हुतं," मेथीचा भाव सांगावा तितक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या. "सासूला सांगायचं पित्त, जावंला सांगायचं पित्त. पित्ताच्या गोळ्यांनी रडू काय थांबंना. मग त्या दारातनं आत गेले."

त्यांनी दाखवलेल्या दारातूनच माझं नाव पुकारलं गेलं. मला उठवेना. त्यांनी माझ्याकडे न बघता पाय खाली घेतले आणि वाट करून दिली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पित्त कसं हाय?"

"पित्त न्हाय गं आई. मनाच्या डॉक्टरांकडं गेले हुते."

ती हळूच म्हणाली, "मलाबी ने की एकदा तितं. माझं पित्त लई जुनं हाय."