रहाडीच्या काठावर बसणारा माणूस

रंगपंचमीला ऊन कलायच्या आत उपेंद्रची चाकाची खुर्ची गल्लीतल्या रहाडीपाशी येऊन उभी राहते. ती ढकलत आणतो भिकन, त्याचा शाळेपासूनचा मित्र. भिकन आता सटाण्याला कांद्याचा व्यापार करतो. या दिवसांत त्याला डोकं खाजवायला फुरसत नसते, तरी रंगपंचमीला तो नाशकात हजर असतोच. लोकांना वाटतं, बिचाऱ्याला सण दाखवायला आणतो. वाटेना का! उपेंद्र सण बघायला येत नाही, तो पाणी बघायला येतो.

रहाड म्हणजे काय, हे नाशिकबाहेरच्या माणसाला सांगावंच लागतं. रस्त्याखाली दगडात बांधलेला चौकोनी हौद, चांगला दीड पुरुष खोल. वर्षभर त्याच्यावर लाकडी ओंडके आणि माती, आणि त्यावरून रिक्षा नि स्कूटर बिनघोर धावतात. नव्या भाडेकरूला खाली काय आहे याची गंधवार्ताही नसते. रंगपंचमी आली की तो उघडायचा, धुवायचा, पाण्यात फुलं उकळून केलेला रंग ओतायचा, पूजा करायची आणि मग उड्या. गुडघे पोटाशी घेऊन अशी उडी मारायची की पाणी समोरच्या गॅलरीत उडालं पाहिजे. त्याला म्हणतात धप्पा. ज्याचा धप्पा मोठा, त्याचा तोरा वर्षभर.

उपेंद्रच्या घराकडे या रहाडीच्या पूजेचा मान. वडील नारळ फोडत आणि पहिली उडी घरातला तरुण मारी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी उपेंद्रने ती मारली, अगदी दणक्यात. चूक त्या उडीत नव्हती, ती झाली संध्याकाळी. दिवसभर धप्पे बसले की पाणी उडून उडून गटारात जातं आणि रहाड निम्म्यावर येते. पण रंग इतका गडद की तळ दिसत नाही. दुपारी आपण इथेच गटांगळ्या खाल्ल्या, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. परका माणूस एकदा पाण्यात पाय घालून बघेल. गल्लीतला पोरगा कशाला बघतोय? शेवटची उडी म्हणून उपेंद्रने ऐटीत सूर मारला. हात पुढे, डोकं खाली. डोकं दगडावर आपटलं.

भिकनने त्याला दोन्ही दंडांना धरून वर ओढलं. रहाडीतून सगळ्यांना असंच ओढून काढतात, आणि मित्र तोंड खाली घालून तरंगतोय म्हटल्यावर विचार कोण करत बसतो? वर येताना त्याची मान लोंबकळत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाण्यातून कसं काढलं याला? मान कोणी धरली होती का?" दाराशी भिकन रंगाने निथळत उभा होता. उपेंद्र म्हणाला, "आठवत नाही." त्याला सगळं आठवत होतं.

छातीपासून खालचं शरीर गेलं ते गेलंच. हात हलायचे, बोटं जेमतेम. आई श्यामलाबाईंनी त्याला पुन्हा लहान मुलासारखं वाढवलं, आणि त्यात त्यांचीही पाठ कामातून गेली. तो घरी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागला आणि त्यात त्याचं नाव झालं. पण रंगपंचमीला तो खिडक्या लावून घ्यायचा. बाहेर धप्पा वाजला की डोळे मिटायचा. हा राग रहाडीवर होता की स्वतःवर, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग एका वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा एक विद्यार्थी मानेला पट्टा लावून शिकवणीला आला. "सूर मारला सर, थोडक्यात वाचलो," म्हणत तो हसत होता. उपेंद्रला त्या दिवशी गणित सुचेना. आपण इतकी वर्षं खिडकी लावून बसलो, याची त्याला लाज वाटली.

पुढच्या वर्षापासून तो काठावर येऊ लागला. मंडळाकडे त्याने फार काही मागितलं नाही. बांबूवर एक लाल खूण करा आणि पाणी तिच्याखाली गेलं की उड्या बंद. सूर कुणीच मारायचा नाही. आणि कुणाला लागलंच तर ओढायचं नाही. पाण्यातच उताणा तरंगत धरायचा, डोकं-मान सरळ, खाली फळी सरकवेपर्यंत. मंडळाचे रावजीशेठ "बरोबर आहे, अगदी बरोबर" म्हणाले. फळी आली, बांबूही आला, आणि मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे दोन्ही स्पीकरच्या मागे जाऊन पडले.

यंदा तर रावजीशेठ पूजेआधीच जवळ आले.

"उपाभाऊ, राग मानू नकोस. पण शुभ कार्याला तुझी खुर्ची अशी अगदी पुढे... लोक बोलतात. तू त्या ओट्यापाशी बस ना, सावली पण आहे."

भिकनचं तोंड लाल झालं. उपेंद्रला लागलं, चांगलंच लागलं. पण तो म्हणाला, "बसतो. बांबू मात्र भिकनकडे द्या."

दिवस कलला. भिकन अधूनमधून बांबू बुडवून येई. पाणी लाल खुणेच्या खाली गेलं तेव्हा त्याने रावजीशेठना जाऊन सांगितलं. "टँकर येतोय," ते म्हणाले. टँकर येत होता आणि उड्याही चालू होत्या.

तेवढ्यात एक तरुण रहाडीकाठच्या टेम्पोच्या टपावर चढला. गल्लीतला नव्हता, देवळाली कॅम्पकडून मित्रांबरोबर आला होता. मित्रांनी मोबाइल वर धरले. तरुणाने दोन्ही हात डोक्यावर जोडले आणि पुढे वाकून तो मोबाइल चालू व्हायची वाट बघू लागला.

"सूर!" उपेंद्र ओरडला. पण छातीचे स्नायू गेलेल्या माणसाचा आवाज तो केवढा! स्पीकरपुढे तो स्वतःच्या मांडीपर्यंतही पोचला नाही.

"भिकन, मला कडेला ने. टेम्पो आणि पाण्याच्या मधोमध."

"येडा शे का तू? चाक घसरलं तर आत जाशील!"

"ढकल!"

भिकनने ढकललं. माणसं शिव्या देत बाजूला झाली. खुर्चीची पुढची चाकं दगडी कडेवर आली, पाय पाण्यावर लोंबू लागले, आणि तरुणाला जिथून पाण्यात झेप घ्यायची होती तिथे आता उपेंद्र होता. आपण पडलो तर आपलं आपल्याला वर येता येणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला भीती वाटली. तो हलला नाही.

"ए काका, बाजूला व्हा!" टपावरून तरुण ओरडला. गर्दीही ओरडू लागली. रावजीशेठ धावत आले आणि आधी त्यांनी स्पीकर बंद केला. मग उपेंद्रचा आवाज ऐकू आला.

"पाणी किती आहे ते बघ. मग मार हवी तशी उडी."

भिकनने एका हाताने खुर्ची घट्ट धरून दुसऱ्याने बांबू आत सोडला. तो टक्कन तळाला लागला. बाहेर काढून त्याने बांबू त्या तरुणाच्या मित्राशेजारी उभा केला. ओल मित्राच्या कमरेलाही पोचत नव्हती.

रावजीशेठनी उड्या बंद केल्याचं सांगितलं, तशी गर्दी चिडली. तरुण टपावरून खाली उतरला. त्याचा चेहरा पडला होता, आणि मित्रांसमोर पडलेला चेहरा रागानेच सावरावा लागतो. उपेंद्रजवळून जाताना तो म्हणाला, "सगळा मूड घालवला या लंगड्याने."

भिकन त्याच्या अंगावर धावणार होता. उपेंद्रने आपला वाकडा हात त्याच्या मनगटावर ठेवला.

"जाऊ दे त्याला. जाऊ दे."

तरुण तरातरा निघाला. वाटेतली रिकामी बाटली त्याने पायाने उडवली, चिखल चुकवायला एक उडी मारली, चप्पल निसटली ती अंगठ्याने ओढून घेतली. आपण आज कशातून वाचलो हे त्याला कळलं नव्हतं, आणि ते कधी कळणारही नव्हतं. गल्लीच्या वळणाआड दिसेनासा होईपर्यंत उपेंद्र त्याचे पाय बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.