हातांनी म्हटलेलं आमेन

व्हर्लीन टिब्सची गोष्ट सांगायची तर दारापासून सांगावी लागते, कारण तिचं निम्मं आयुष्य दारात उभं राहण्यात गेलं. ईस्ट साइडच्या माउंट हेब्रन चर्चचं ते दार. अंगात पांढरा कडक पोशाख, हातांत पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी दुमडलेला. आलेल्या माणसाला जागेवर नेऊन बसवायचं, उन्हाळ्यात हातात पंखा द्यायचा, प्रवचन रंगात आलं आणि कुणाच्या अंगात आलं तर त्याला पडू द्यायचं नाही, हे चर्चच्या सेविकेचं काम. सेविका बोलत नाही. तिचं सगळं बोलणं हातांनी. पुढच्या बाकावर जागा आहे, मागच्या म्हाताऱ्याला पाणी द्या, दार लावून घ्या, हे सगळं एका मोज्यावरून दुसऱ्या मोज्याकडे जातं आणि उपदेशाचा एक शब्दही अडखळत नाही.

तोंड बंद ठेवणाऱ्या या बाईच्या डोक्यात मात्र प्रश्नांचं मोहोळ होतं. लहानपणी आईचं बोट धरून दक्षिणेतल्या अलाबामाहून उत्तरेला येताना तिने प्रत्येक स्टेशनवर विचारलं होतं, इथे कोण राहतं, ते काय खातात, त्यांची चर्चं कुठे आहेत. शेवटी आई वैतागून म्हणाली होती, "बाई, तुझ्या प्रश्नांचं वेगळं तिकीट काढायला हवं होतं मी." ती सवय गेली नाही. दारात उभी राहून ती माणसांचे चेहरे बघायची आणि तिला नवल वाटायचं. हा आज का रडणार आहे? ती आज एकटीच का आली?

आता गोष्ट त्या वर्षाची, ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला. व्हर्लीन तेव्हा टेकडीवरच्या दवाखान्याच्या लाँड्रीत संध्याकाळच्या पाळीला होती. नवरा गेल्यापासून घर त्या पाळीवर चालत होतं. टेकडीवर जायला नऊ नंबरची बस, आणि यायलाही तीच. त्या वर्षी बस मंडळाने घाट घातला की ईस्ट साइडची नऊ नंबर संध्याकाळी आणि रविवारी बंद करायची. वेस्ट साइडची बस मात्र त्याच वेळांना चालू राहणार होती. तिथे घराघरासमोर मोटार उभी, संध्याकाळच्या बसमध्ये ड्रायव्हर आणि त्याची टोपी, एवढेच प्रवासी. पण तिकडची माणसं गोरी होती. इकडची बस माणसांनी फुटायची आणि ती माणसं काळी होती. हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

बस गेली की व्हर्लीनची पाळी जाणार होती, आणि पाळी गेली की घर.

मंडळाच्या दोन सुनावण्या झाल्या होत्या. दोन्ही वेळा ईस्ट साइडची माणसं सभागृह भरून गेली आणि दोन्ही वेळा हाकलली गेली. अध्यक्ष टेबलावर हातोडी आपटून म्हणायचे, "गोंगाट झाला, सभागृह रिकामं करा." माणसं बाहेर, पोलीस दारात, आणि आत मंडळ आपल्या मनासारखं बोलायला मोकळं. तिसऱ्या सुनावणीला मतदान व्हायचं होतं.

दुसऱ्यांदा हाकलले गेले त्या आठवड्यात सगळे थॅडियस क्रुमच्या खोलीत जमले. थॅडियस हा लष्करातून परतलेला तिशीचा गडी, डोक्यावर केसांचा मोठा गोल, अंगात चामड्याचं जाकीट. न्हाव्याच्या दुकानावरची ती खोली त्याने वस्तीच्या कामासाठी घेतली होती. भाडेकऱ्यांची भांडणं, शाळेची भांडणं, पोलिसांची भांडणं, सगळी त्या जिन्याने वर यायची.

"यावेळी छप्पर उडवायचं," थॅडियस म्हणाला. "हाकलणारच आहेत ना? मग शहराला ऐकू जाईल असं ओरडून बाहेर पडू."

"थॅडियस," व्हर्लीनने विचारलं, "आपण मागच्या वेळी कुणावर ओरडलो रे?"

"कुणावर म्हणजे? त्या अध्यक्षावर!"

"नाही. मी मागच्या भिंतीला उभी होते. बघायची सवय आहे मला. अध्यक्ष बोलत होते तेव्हा आपण गप्प होतो. कॉरली बोलायला उठली तेव्हा आवाज झाला."

कॉरली बँक्स बाजूलाच बसली होती. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली, रुंद हाडाची, ठणठणीत आवाजाची बाई. "माझ्यावर ओरडले?" ती म्हणाली. "मग बरं झालं हाकललं यांना."

"तुझ्यावर नाही गं, तुझ्यासाठी. तू म्हणालीस, आमच्या पायांनी हा रस्ता झिजलाय. आपले हे डीकन म्हणाले, 'बोल, पोरी!' मागून कुणी म्हणालं, 'खरंय!' मग अख्खं सभागृह आमेन म्हणालं. आणि हातोडी पडली."

चर्चचे वडीलधारे कारभारी डीकन इझेल प्रुइट यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. चर्चमध्ये त्यांची जागा पहिल्या बाकावर, आणि त्यांचा 'बोल!' रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा. "म्हणजे सगळ्यांना मी बाहेर काढलं?" ते पुटपुटले.

"आपण सगळ्यांनीच," व्हर्लीन म्हणाली. "आपल्यात कुणी खरं बोललं की आपण त्याला एकटं ठेवत नाही. त्यांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं दंगल झाली."

"माहीत नाही कसं?" थॅडियस उसळला, पण थोरल्या बाईला वस्तीच्या रिवाजाने मानाचं 'मिस' लावूनच. "चांगलं माहीत आहे त्यांना, मिस व्हर्लीन. निमित्त हवं असतं."

"असेल. मग निमित्त देऊ नये."

"म्हणजे त्यांच्यापुढे मुकाट बसायचं? त्यासाठी नाही आलो मी परत घरी."

व्हर्लीन एवढंच म्हणाली, "गप्प बसणं जमतं का, तेच आधी बघू. मला शंका आहे."

मग चर्चच्या तळघरात सराव सुरू झाला. असा सराव त्या शहरात आधी कुणी केला नसेल. कॉरलीने पुढे उभं राहून खरं खरं बोलायचं आणि बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी कॉरलीने नुसतं "माझी आई" म्हटलं आणि डीकन म्हणाले, "हो, देवा!"

"डीकन!" सगळे ओरडले.

"अरे, मी तिच्या आईला ओळखत होतो!"

दुसऱ्यांदा त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. कॉरली म्हणाली, "चंद्रावर जायला गाडी आहे, पण रविवारी टेकडीवर जायला नाही." रुमाल उडून समोरच्या बाईच्या टोपीवर पडला. हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. थॅडियस भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता, तोही हसला, आणि आपण हसलो याचा त्याला राग आला.

पण हळूहळू जमलं. एका संध्याकाळी सगळं तळघर गच्च ओठ मिटून बसलं. कॉरली बोलायला लागली. एक वाक्य बोलली, थांबली. दुसरं बोलली, इकडेतिकडे पाहिलं. तिसऱ्या वाक्याच्या मध्यावर तिची गाडीच अडली. ती ठणठणीत आवाजाची बाई, तिचा आवाज विहिरीत पडलेल्या बादलीसारखा खाली खाली जात राहिला.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "मी काय भिंतीशी बोलतेय? तुम्ही ऐकताय की मेलात?"

थॅडियस म्हणाला, "झालं? बोललो तर हाकलतात, नाही बोललो तर आपलीच माणसं मुकी होतात." या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

व्हर्लीन मात्र जागची हलली नाही. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होतं नवल. इतकी वर्षं ती लोकांना जागेवर बसवत होती आणि तिला वाटायचं की आमेन हे उपदेशाच्या मागून येतं, ताटातल्या लोणच्यासारखं. आता कळलं की उपदेश त्याच्यावरच उभा असतो. मग उपदेश करणाऱ्या पास्टरांचं कसं होतं? गर्दीत म्हातारे बहिरे असतात, आया पोरांना थोपटत असतात, कितीतरी जण ओठही हलवत नाहीत. पास्टरांना ते सोबत आहेत हे कसं कळतं?

"कॉरली," ती म्हणाली, "पुन्हा बोल. चंद्राचंच."

कॉरलीने वाक्य म्हटलं. व्हर्लीनने हात वर केला. सेविका जागा दाखवताना करते तसा नाही, तळवा पुढे, बोटं पसरून, साक्ष देणारा माणूस करतो तसा. मागच्या भिंतीला उभ्या इतर सेविकांनी सवयीने तो हात पाहिला आणि आपले हात वर केले. मग बाकांवरचे हात उठले. काम करून सुजलेले, दुमडलेले, अंगठी आत रुतलेले हात.

कॉरली बघत राहिली. तिने श्वास घेतला. "आणि मी सांगते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज विहिरीतून वर आला.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं. सेविका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी सुरुवातीलाच हातोडी उचलून बजावलं, "एक आवाज, आणि सभागृह रिकामं." आधी एक गोरे गृहस्थ वेस्ट साइडच्या बसच्या बाजूने बोलले. त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हातोडी पडली नाही. भिंतीशी उभा थॅडियस पुढे सरसावला. व्हर्लीनने मोजा घातलेला हात त्याच्या कोपराला नुसता लावून ठेवला, कुणाच्या अंगात आलं की लावते तसा.

कॉरली उठली. तिने सांगितलं की ती संध्याकाळी उद्याचा पाव भाजते, व्हर्लीन रात्री चादरी धुते, आणि मंडळातले साहेब आजारी पडतील तेव्हा ते तो पाव खातील आणि त्या चादरीवर झोपतील. व्हर्लीनचा मोजा वर गेला. सभागृहभर हात उठले, गवतावरून वारा जावा तसे, आवाज न करता. डीकनांचा एक हात वर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं.

"हे काय चाललंय?" अध्यक्ष म्हणाले. "हात खाली."

कुणी हात खाली केले नाहीत. अध्यक्षांनी हातोडी उचलली, पण आपटायला त्यांना आवाज सापडेना.

कॉरली शेवटपर्यंत बोलली. ईस्ट साइडचं माणूस त्या खोलीत पहिल्यांदाच शेवटपर्यंत बोललं होतं. आणि ती बसायच्या आत मंडळाच्या टोकाला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्या आजवर तोंड उघडत नव्हत्या, विचारलं, "मिसेस बँक्स, बस बंद झाली तर तुम्ही घरी कशा जाल?"

"चालत, बाईसाहेब."

"टेकडीवरून? अंधारात?"

"अंधारात, बाईसाहेब."

म्हाताऱ्या बाईंनी आपल्या शेजाऱ्याकडे पाहिलं. मतदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं, कारण कुणाला बाहेर काढायला निमित्तच उरलं नव्हतं. संध्याकाळची बस एका मताने वाचली. रविवारची एका मताने गेली.

पायऱ्यांवर थॅडियस म्हणाला, "अर्धी भाकरी फेकली आपल्याकडे."

"हो," व्हर्लीन म्हणाली. "आणि अर्धी अजून त्यांच्या ताटात आहे. मी काही आंधळी नाही रे."

"पुढच्या वेळी मी ओरडणार, मिस व्हर्लीन. आत्ताच सांगून ठेवतो."

"ओरड. तू ओरडतोस म्हणून ते माझे हात बघतात, असंही असेल. ते एकदा नीट बघायला हवं."

सोमवारी संध्याकाळी ती नऊ नंबरमध्ये चढली. बस नेहमीसारखी माणसांनी फुटत होती. कुणीतरी तिला जागा दिली, पण ती ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभीच राहिली.

"काय हो," तिने विचारलं, "रविवारी ही बस कुठे असते?"

"डेपोत," ड्रायव्हर म्हणाला. "धुवून पुसून उभी."

"तेलपाणी भरलेलं असतं?"

"असतं की."

"आणि तुम्ही?"

"मी घरी. मला कुणी विचारलंच नाही बाई, यायचंय का म्हणून."

"बरं," व्हर्लीन म्हणाली, आणि टेकडी येईपर्यंत तिने त्याला त्याचं नाव विचारलं, त्याच्यासारखे आणखी कोण कोण आहेत ते विचारलं, आणि ते सगळे कुठल्या चर्चमध्ये बसतात तेही.