गजूच्या पेटीचा भाता

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, राजाने, माझा मित्र गजानन याला फसवलं. गजूने जोडलेली गाणी त्याने स्वतःच्या नावावर खपवली. घरातली गोष्ट पेपरात कशाला, असं बायको म्हणते. गजू जाऊन महिना होत आला, आता झाकून कोणाचं भलं होणार...

फोन आला तेव्हा मी इतवारी बाजारात वायरच्या बंडलाचा भाव पाडत होतो. गजू सकाळी चहा पिता पिता गेला. दुकानदाराने सांगितलेल्या भावाला मी हो म्हणून टाकलं. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

लग्नातल्या साउंडचा माझा धंदा, एका स्पीकरपासून उभा केलेला. गजू माझा डीजे. त्याच्या लॅपटॉपशेजारी कायम एक जुनी पेटी असायची. नवं गाणं आलं की एका कानाला हेडफोन लावून तो पेटीवर त्याची पट्टी शोधायचा आणि गाण्याच्या नावापुढे टाकायचा, काळी एक, पांढरी चार. ठेका सगळेच जुळवतात, गजू सूरही जुळवायचा. पुढचं गाणं त्याच पट्टीतलं, नाहीतर तिच्या पंचमातलं. दोन गाणी एकमेकांवर वाजतात तेवढ्या वेळात ती भांडू नयेत, एवढंच त्याचं म्हणणं. रामटेकच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा एका गाण्यासाठी हटून बसला आणि गजू काही ते लावेना. माझं डोकं फिरलं.

"अबे लाव ना, काहून तमाशा करून राहिला?"

"येऊन राहिलो ना भाऊ. मधात दोन गाणे घेऊ दे. सरळ उडी मारली तर नाचणाऱ्याचा पाय अडखळते."

आपलं गाणं सुरू झालंय हे मामाला कळलं, तेव्हा तो आधीच नाचत होता.

सगळ्यात अवघड सांधा विदाईचा. नाचाच्या गाण्यावरून मुलीच्या पाठवणीवर यायचं, तेही कोणाला धक्का न बसता. मधे बसेल असं गाणंच मिळेना, म्हणून गजूने स्वतःच्या पेटीचा एक लांब सूर रेकॉर्ड करून तिथे भरला. पेटीचा भाता फाटका होता, हवा भरताना कण्हल्यासारखा आवाज यायचा. नवी घेऊन देतो म्हटलं, तर म्हणाला, राहू दे, हिची सवय आहे.

राजा हे सगळं त्याच्याजवळ बसून शिकला. गजूने काही लपवलं नाही, आपली जोडून ठेवलेली सगळी गाणी त्याला दिली. मग राजाने वेगळा ग्रुप काढला, हॉलवाल्यांना गजूभाऊ आता जुने झाले म्हणून सांगितलं, आणि तीच गाणी, तेच सांधे, स्वतःचे म्हणून वाजवू लागला. मी भांडायला निघालो तेव्हा गजूने मला अडवलं. "भांडू नको गा. फक्त एकदा माइकवर माह्यं नाव घ्यायले सांग त्याले." मी सांगितलं. घेईन ना, म्हणत राजा हसला.

नाव घेतलं त्याने... मनीषनगरच्या हॉलमधल्या शोकसभेत. गजूभाऊंना सूर जुळवायला मीच शिकवलं, असं माइकवरून बोलला. वर श्रद्धांजली म्हणून 'आपली' गाणी लावली. मी मुठी आवळून बसलो होतो, आजच्या दिवशी तमाशा नको म्हणून. विदाईचा सांधा आला आणि त्या लांब सुराखाली काहीतरी कण्हलं. राजाला ते कधी ऐकूच आलं नसावं, नाहीतर त्याने केव्हाच पुसून टाकलं असतं. खाली मान घालून बसलेल्या गजूच्या बायकोने, वहिनींनी, डोकं वर केलं.

"भाऊ, हे आमची पेटी आहे ना?"

ती पेटी वहिनींनी आता माझ्याकडे दिली आहे. मला वाजवता येत नाही. रोज दुकान उघडलं की भाता एकदा ओढतो, तो कण्हतो, मग कामाला लागतो.

राजा, तुझ्या विदाईच्या सांध्यात हा आवाज कुठून आला? मला घरी येऊन सांगू नकोस. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, वहिनींसमोर उत्तर दे.